काम मागितलं, पोच मिळाली नाही: रोजगार हमीचा बेरोजगार भत्ता अडतो कुठे आणि सोडवायचा कसा

प्रश्न सातपुड्यातल्या एका पाड्यावरच्या तरुणाचा आहे, मे २०२५ मधला. थोडक्यात असा:

"गेल्या ऑक्टोबरात आमच्या पाड्यावरच्या एकोणीस जणांनी रोजगार सेवकाकडे तोंडी काम मागितलं. त्याने वहीत नावं लिहून घेतली. तीन आठवडे थांबलो, काम निघालं नाही, मग सगळे ऊसतोडीला गुजरातेत गेलो. होळीला परत आलो. ७ एप्रिलला पुन्हा तीस दिवसांचं काम मागितलं, या वेळी नमुना ४, म्हणजे काम मागायचा अर्ज, भरून. ग्रामसेवकाने झेरॉक्सवर सही आणि तारीख दिली. महिना उलटला, काम नाही. भत्ता मागायला तहसीलला गेलो तर म्हणाले, कॉम्प्युटरवर तुमची मागणीच दिसत नाही. आई घरीच होती, तिने फेब्रुवारीत दोन आठवडे विहिरीच्या कामावर माती वाहिली, त्याचीही मजुरी आलेली नाही. हा भत्ता खरंच मिळतो का, आणि आता आम्ही काय करायचं?"

भाऊ, मिळतो. एप्रिलच्या मागणीवरचा तुमचा हक्क पक्का आहे आणि ती सही असलेली झेरॉक्स तुमच्याकडची सगळ्यात मोठी वस्तू आहे. आज घरी गेल्यावर पहिलं काम करा. तिचे मोबाइलवर स्वच्छ फोटो काढा, दोन-तीन जणांच्या फोनवर पाठवून ठेवा आणि मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका. साहेबांनी मागितला तरी प्रत द्या, मूळ फक्त दाखवा.

मी नऊ वर्षं रोजगार सेवक, म्हणजे गावात रोजगार हमीचं काम बघणारा माणूस होतो, खाली सपाटीवरच्या एका गावात. ते सोडल्यावर आठ वर्षं मजुरांचे अर्ज आणि तक्रारी लिहून देतो आहे. खिडकीच्या दोन्ही बाजूंना उभा राहिलोय म्हणून सांगतो, भत्त्याचे बहुतेक दावे पैशाच्या टप्प्यावर हरत नाहीत. मागणी दिली त्याच दिवशी ते हरलेले असतात, कारण त्या दिवसाची तारीख कुठेही लागलेली नसते.

कायदा आधी सांगतो. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम मिळालं नाही तर सोळाव्या दिवसापासून भत्ता लागू होतो. आर्थिक वर्षातल्या पहिल्या तीस दिवसांसाठी तो मजुरीदराच्या किमान एक चतुर्थांश आणि पुढच्या दिवसांसाठी किमान निम्मा असतो. महाराष्ट्राचा २०२५-२६ चा दर ३१२ रुपये आहे, म्हणजे सुरुवातीला दिवसाला ७८ रुपये आणि पुढे १५६. भत्ता लागू झाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत हातात पडला पाहिजे, हेही कायद्यातच आहे. तुमचा अर्ज ७ एप्रिलचा, म्हणजे पंधरा दिवस २२ एप्रिलला भरले. मागणी तीस दिवसांची होती, ती ७ मेला संपते. २३ एप्रिल ते ७ मे असे पंधरा दिवस, ७८ रुपयांनी एका माणसाचे ११७० रुपये. एकोणीस जणांचे २२,२३० होतात. हा आकडा अर्जात लिहा. आकडा नसलेला अर्ज वाचला जातो आणि फाइलला लावला जातो. आकडा असला की त्यावर कुणाला तरी हो किंवा नाही लिहावं लागतं.

आता ही मागणी कॉम्प्युटरवर का दिसत नाही? यावर जरा जास्त लिहितो, कारण सगळी अडवणूक इथेच आहे.

मजुरीचा पैसा केंद्राकडून येतो. बेरोजगार भत्ता मात्र राज्याला स्वतःच्या तिजोरीतून द्यावा लागतो, आणि तो दिला म्हणजे काम वेळेवर दिलं नाही अशी लेखी कबुली झाली. त्यामुळे खालपासून वरपर्यंत कुणालाच मागणीची खरी तारीख सिस्टीममध्ये चढवायची नसते. होतं असं: मजूर काम मागतो, सेवक वहीत नाव लिहितो. शेल्फवरचं, म्हणजे आधीच यादीत तयार ठेवलेलं काम मंजूर होतं, मस्टर म्हणजे हजेरीपट काढायची वेळ येते, तेव्हा तालुक्याचा ऑपरेटर मागणी आणि मस्टर एकाच बैठकीत भरतो. कागदावर मागणी सोमवारची आणि काम मंगळवारचं दिसतं. तुम्ही दीड महिना थांबलात याची खूणही राहत नाही.

मी स्वतः हे केलं आहे. माझ्याकडे दोनशे पानी वही होती, पानाच्या मधोमध पेनाने रेघ मारलेली, डावीकडे नाव आणि उजवीकडे किती दिवस. तारखेचा रकानाच नव्हता. तालुक्यातून मला तोंडी सांगणं होतं की काम मंजूर झाल्याशिवाय मागणी पाठवायची नाही. आमचं मानधन तेव्हा झालेल्या कामाच्या खर्चावर ठरायचं, त्यामुळे वरच्यांना दुखवणं परवडत नव्हतं. त्या वहीत पहिल्या पानावर एका बाईचं नाव होतं. ती चार वेळा विचारायला आली, पाचव्या वेळी तिची सासू आली, "ती गेली सुरतेकडे" म्हणून सांगायला. तिला तारखेची पोच दिली असती तर तिच्या घरात तेव्हा हजारभर रुपये तरी गेले असते. ती वही मी अजून जपून ठेवली आहे.

म्हणून तुमच्या ऑक्टोबरच्या मागणीबद्दल खोटी आशा लावत नाही. तोंडी मागणीही कायद्याला चालते, पण ती तुम्ही केली हे आज दाखवायचं कसं? सेवकाच्या वहीतल्या त्या पानाचा फोटो मिळाला तर मिळवा. त्या काळात ग्रामसभा झाली असेल आणि कामाचा विषय निघाला असेल तर ठरावाची नक्कल घ्या. एकोणीस जणांचे एकाच मजकुराचे जबाब लिहून सह्या-अंगठे घ्या. तक्रारीत ऑक्टोबरचा एक स्वतंत्र परिच्छेद ठेवा, पण एप्रिलच्या दाव्यात तो मिसळू नका. दोन्ही एकत्र केले की कच्च्या भागाकडे बोट दाखवून पक्काही भाग थांबवला जातो, हे मी बऱ्याचदा पाहिलंय.

तुम्ही गुजरातेत गेलात म्हणून हक्क गेला, असं कुणी सांगेल. ते अर्धं खरं आहे. काम देऊ केलं आणि तुम्ही नाकारलं, किंवा कामावर या असं कळवल्यापासून पंधरा दिवसांत आला नाहीत, किंवा परवानगी न घेता सलग आठवड्याहून जास्त गैरहजर राहिलात, तर तीन महिने भत्ता मागता येत नाही. पण आधी कळवलेलं असायला हवं. काम निघालंच नाही आणि पोटासाठी माणूस बाहेर गेला, तर ते नाकारणं होत नाही. मात्र तुम्ही गेल्यावर तुमच्या नावाचं मस्टर निघालं होतं का, हे तपासा. हा दुसरा सापळा. मस्टर निघालं की सिस्टीम धरते की काम देऊ केलं. गावात कुणाला पत्ता नसतो, मस्टर शून्य हजेरीने बंद होतं आणि पुढे उत्तर मिळतं, "काम दिलं होतं, मजूर आले नाहीत."

हे घरबसल्या बघता येतं. नरेगाच्या, म्हणजे केंद्राच्या रोजगार हमीच्या साइटवर राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडत जा, जॉबकार्डांची यादी उघडते. आपल्या घराच्या नंबरवर बोट ठेवलं की कुटुंबाचं पान येतं. त्यात नावांच्या खाली तीन तक्ते असतात: काम मागितलं ते दिवस, काम देऊ केलं ते दिवस आणि प्रत्यक्ष दिलं ते दिवस. तिन्ही शेजारी ठेवून वाचा. पहिला तक्ता रिकामा असेल तर तुमची मागणी चढवलेलीच नाही. दुसरा भरलेला आणि तिसरा रिकामा असेल तर शून्य हजेरीचं मस्टर निघालं आहे, त्याचा नंबर टिपून घ्या. हे पान प्रिंट करून तक्रारीला जोडा. वर नेटवर्क नसेल तर बाजारच्या दिवशी धडगावला किंवा मोलगीला उतरलात की एखाद्या झेरॉक्सवाल्याकडे एकोणीसही पानं काढून घ्या. त्याला जॉबकार्डांचे नंबर कागदावर लिहून न्या, तोंडी सांगाल तर एखादा आकडा चुकेल आणि भलत्याचंच पान निघेल.

जॉबकार्ड यादीत सापडलंच नाही, असंही होऊ शकतं. आधार जोडणीच्या घाईत पुष्कळ नावं वगळली गेली, कारण लिहिलं "काम करण्यास इच्छुक नाही". ज्या माणसाने सात एप्रिलला लेखी काम मागितलं तो इच्छुक नाही कसा, हा प्रश्न तुमच्या झेरॉक्सच्या जोरावर विचारता येतो. नाव पुन्हा घालण्याचा अर्ज त्याच दिवशी द्या.

आता तक्रार. महाराष्ट्रात तालुक्याला कार्यक्रम अधिकारी म्हणजे तहसीलदार, आणि गटविकास अधिकारी सहकार्यक्रम अधिकारी. अर्ज तहसीलदारांच्या नावाने लिहा, प्रत गटविकास अधिकाऱ्यांना. मजकूर लांबवू नका, एवढं पुरे:

"आम्ही खाली सही करणार १९ मजुरांनी दि. ७/४/२०२५ रोजी नमुना ४ मध्ये ३० दिवसांच्या कामाची मागणी केली (ग्रामसेवकांच्या पोचेची प्रत सोबत). १५ दिवसांत काम मिळाले नाही. दि. २३/४/२०२५ ते ७/५/२०२५ या १५ दिवसांचा बेरोजगार भत्ता, प्रत्येकी रु. ११७०, कायद्याच्या कलम ७ नुसार मिळावा. आमची मागणी संगणकावर मूळ तारखेने नोंदवावी. ही तक्रार तक्रार नोंदवहीत घेऊन कलम २३(६) प्रमाणे ७ दिवसांत निकाली काढावी."

खाली प्रत्येकाचं नाव, जॉबकार्ड नंबर आणि सही किंवा अंगठा. आवक-जावक टेबलावर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. साहेबांच्या केबिनमध्ये हातात देऊन "बघतो" ऐकून येऊ नका. साहेब चांगला असला तरी नको, बदली झाली की त्याच्याबरोबर तो शब्दही जातो. टेबलावर घेतच नसतील तर तडक पोस्टात जा आणि स्पीड पोस्टाने पाठवा. पोस्टाच्या पावतीवरची तारीख तुमची पोच झाली. मागणीचा अर्ज घ्यायला किंवा तारखेची पोच द्यायला नकार देणं हा कलम २५ चा भंग धरला जातो आणि त्याला एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दंड लहान आहे, पण अर्जात कलमाचा उल्लेख असला की टेबलावरचा सूर बदलतो.

एका तहसीलच्या व्हरांड्यातली गोष्ट डोळ्यांसमोरून जात नाही. नर्मदेकाठच्या गावातली एक म्हातारी आली होती. पहाटे होडीने निघालेली, पुढे जीपने, पोहोचली तेव्हा दुपारचा दीड. तिच्याकडे साखरेची रिकामी पिशवी, त्यात जॉबकार्ड, पासबुक, आधार आणि घडी पडून चार तुकड्यांत फाटायला आलेला एक कागद. टेबलावरच्या भाऊंनी मान वर न करता अहिराणीत विचारलं, "पोचना कागद कोठे शे?" तिला अहिराणी येत नव्हती, त्यांना पावरी येत नव्हती. तिने पिशवीतलं सगळं टेबलावर मांडलं. चार तुकड्यांचा तो कागदच पोच होता, त्यावर अंगणवाडी ताईची सही होती. "ही सही चालत नाही," म्हणून परत केला. मी पुढे झालो. ग्रामपंचायत अंगणवाडी सेविका, शिक्षक, वॉर्ड सदस्य किंवा बचत गट यांना मागणी स्वीकारायचा अधिकार देऊ शकते आणि या ताईला तो ग्रामसभेने दिलेला होता. ठरावाची प्रत मागवली, ती यायला दोन आठवडे गेले. त्या दोन आठवड्यांत म्हातारी आणखी दोनदा नदी ओलांडून आली. तिला शेवटी जेवढा भत्ता मिळाला त्यातला बराचसा भाड्यातच गेला.

यातून एक काम घ्या. येत्या ग्रामसभेत ठराव करून घ्या की आमच्या पाड्यावर अमुक अंगणवाडी ताई किंवा अमुक बचत गट मागणी स्वीकारेल आणि पोच देईल. धडगाव-अक्कलकुवा हा भाग पेसात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्यात येतो, पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा जाहीर झाली असेल तर तीही हा आग्रह धरू शकते. ठरावाच्या चार-पाच नकला आधीच काढून ठेवा. म्हणजे पोचेसाठी ग्रामसेवकाची वाट बघायला नको. त्याच्याकडे तीन-चार गावं असतात आणि तो तुमच्याकडे कधी येईल हे त्यालाही सांगता येत नाही.

सात दिवसांत उत्तर आलं नाही तर आठव्या दिवशी जिल्हाधिकाऱ्यांकडे, तेच जिल्हा कार्यक्रम समन्वयक असतात. प्रत जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना. जिल्ह्याला रोजगार हमीचा लोकपाल नेमलेला असेल तर त्याच्याकडे साध्या कागदावरही तक्रार चालते, वकील लागत नाही. त्याच आठवड्यात माहिती अधिकाराचा अर्ज टाका, जोडपत्र 'अ', दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तेही नाही. तीनच गोष्टी मागा: एप्रिलमध्ये ग्रामपंचायतीत आलेल्या नमुना ४ च्या नोंदवहीची नक्कल, त्या काळात निघालेल्या मस्टरच्या हजेरीसह प्रती आणि तुमच्या मागणीच्या संगणक नोंदीची तारीख. उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. माझा अनुभव असा की उत्तर यायच्या आधीच मागणी सिस्टीमवर चढते. चढली की मूळ तारखेने चढली की आजच्या, हे मात्र नक्की बघा. आजच्या तारखेने चढवून "आता पंधरा दिवस थांबा" म्हणतील. तिथे नमतं घेऊ नका, तुमची पोच ७ एप्रिलची आहे.

आणि या सगळ्यात कामावर बोलावणं आलं तर जा. भत्त्याचा वाद चालू आहे म्हणून काम नाकारलंत तर तीन महिने हात बांधले जातात. भत्ता मागच्या दिवसांचा आहे, काम पुढच्या दिवसांचं.

आता आईची मजुरी. इथे कार्यालयाशी भांडण्याआधी बँकेत जा. जानेवारी २०२४ पासून मजुरी आधारवरून जमा होते, म्हणजे जॉबकार्डावर कोणता खाते नंबर लिहिलाय याला अर्थ उरलेला नाही. आधारला जे खातं शेवटी जोडलं गेलं, पैसे तिकडे जातात. लाडकी बहीणच्या वेळी, २०२४ च्या पावसाळ्यात, आपल्याकडच्या पुष्कळ बायांनी घाईघाईत नवं खातं उघडलं, कुणी पोस्टात, कुणी बाजारातल्या एखाद्या केंद्रावर. त्या अंगठ्यासरशी आधारची जोडणी नव्या खात्याकडे गेली. मग मजुरी तिकडे पडते, आणि बाई जुनं पासबुक घेऊन बँकेत खेपा घालत राहते. गेल्या वर्षभरात माझ्याकडे "मजुरी आली नाही" म्हणून आलेल्या बायांपैकी कितीतरी जणींचे पैसे असे दुसऱ्या खात्यात पडलेले निघाले. एकीने तर रोजगार सेवकाशी बोलणंच सोडलं होतं, आणि पैसे चार महिने पोस्टात होते.

तेव्हा आईने नवं खातं उघडलं होतं का, विचारा. आधारच्या साइटवर बँक सीडिंगची स्थिती, म्हणजे आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते दिसतं, पण त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी यावा लागतो. तो नंबर बहुधा कुणा भाच्याचा, बंद पडलेला असतो. तसं असेल तर जुन्या आणि नव्या, दोन्ही खात्यांचं पासबुक भरून आणणं हाच सोपा रस्ता. कुठेच नसेल तर जॉबकार्डाच्या पानावरून तिचं मस्टर उघडा आणि पेमेंटची स्थिती बघा. "रिजेक्ट" दिसलं तर शेजारी कारण असतं. नावातला फरक हे नेहमीचं कारण. जॉबकार्डवर पावरा, आधारवर पावारा, बँकेत आणखी काही. आधार हे मूळ धरून बाकीचं त्याच्यासारखं करून घ्या, उलटं करायला गेलात तर महिने जातात. कारण काहीच नसेल आणि नुसतं प्रलंबित असेल, तर पैसाच वरून आलेला नसू शकतो. तेव्हा रोजगार सेवकावर राग काढून उपयोग नाही.

उशिराची भरपाई मागायला विसरू नका. मस्टर बंद झाल्यापासून पंधरा दिवसांत मजुरी मिळाली नाही तर सोळाव्या दिवसापासून रोज ०.०५ टक्के. आईचे बारा दिवस धरा, फेब्रुवारीत दर २९७ होता, म्हणजे ३५६४ रुपये. त्यावर दिवसाला १ रुपया ७८ पैसे, दोन महिन्यांचे शंभराच्या आसपास. रक्कम छोटी वाटेल. पण मागितली की दिरंगाई कुणाच्या टेबलावर झाली ते लिहावं लागतं. केंद्राच्या टप्प्यावर झालेल्या उशिराची भरपाईही मजुराला मिळाली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०१८ च्या निकालात सांगितलं आहे. "उशीर आमच्याकडून नाही, वरून आहे" या उत्तरावर थांबू नका.

पैसे खात्यात आहेत पण अंगठा जुळत नाही, ही तक्रारही तुमच्याकडे निघेल. माती आणि दगड वाहून बोटांच्या रेषा जातात. केंद्रावरचं मशीन तीनदा नाही म्हणालं की माणूस घरी परततो. बँकेच्या शाखेत पैसे काढायच्या पावतीवर अंगठा उठवून, ओळखीचा साक्षीदार घेऊन पैसे मिळतात, ते मशीनवर अवलंबून नाही. शाखा लांब आहे हे खरं, म्हणून चार-पाच जणांनी मिळून एकाच दिवशी जावं.

हजेरीचंही सांगून ठेवतो, काम निघालं की ते लागेल. जानेवारी २०२३ पासून सार्वजनिक कामांवर मोबाइल ॲपमधून दिवसात दोनदा फोटो काढून हजेरी लागते. मेटच्या, म्हणजे कामावर हजेरी घेणाऱ्याच्या फोनला रेंज नसेल तर फोटो फोनमध्ये राहतो आणि रेंजमध्ये गेल्यावर चढवावा लागतो. एका कामावर मेट पोरगी रोज संध्याकाळी तास चढून टेकडीवर जायची, फोन डोक्यावर धरून उभी राहायची, आणि दोन फोटो गेल्याचा आवाज आला की अंधारात खाली उतरायची. एकदा फोन बिघडला, आणि चाळीस माणसांची तीन दिवसांची हजेरी गेली. असं झालं तर त्याच दिवशी साध्या कागदावर हजेरी लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या आणि तालुक्याला कळवा. अपवाद म्हणून हाताने घेतलेली हजेरी मान्य करायचा अधिकार जिल्हा समन्वयकांना आहे. आठवड्याने सांगाल तर कुणी मानणार नाही.

आणि पुढच्या हंगामाची तयारी आत्ताच करा. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीनंतर निघतात. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे देतो ती मात्र त्याआधीच, भात-ज्वारी निघायच्या सुमारास, आणि उचल घेतली की पाय बांधले गेले. इथे काम हवं असेल तर मागणी त्याआधी पडली पाहिजे. कायद्यात आगाऊ मागणीची सोय आहे, अमुक तारखेपासून काम हवं असं लिहून आधीच अर्ज देता येतो. अर्ज दिल्याला पंधरा दिवस होऊन गेले असले की त्या लिहिलेल्या तारखेपासून भत्ता धरता येतो. बहुतेकजण इथे चुकतात. "उद्यापासून चौदा दिवस" असं लिहितात, पंधरा दिवस थांबण्यातच ती चौदाची मुदत संपते, आणि मग मागणीच संपली म्हणून हात झटकले जातात. तुम्ही १० सप्टेंबरला अर्ज द्या, "१ ऑक्टोबरपासून ३० दिवस" लिहा, घरातल्या प्रत्येक प्रौढ माणसाचं नाव घाला. मुदत संपत आली आणि काम नसेल तर पुढच्या तीस दिवसांचा नवा नमुना ४ द्या. शंभर दिवस भरले म्हणून कुणी थांबवत असेल तर महाराष्ट्रात त्यापुढच्या कामाचा खर्च राज्य उचलतं, हे सांगा.

ही हमी आपल्याच राज्याने आधी दिली होती. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी उभी राहिली, १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. केंद्राचा कायदा २००५ चा, आणि २ फेब्रुवारी २००६ ला पहिल्या टप्प्यात जे जिल्हे घेतले त्यात नंदुरबार आणि धुळेही होते. म्हणून "इथे हे चालत नाही" असं कुणी म्हणालं तर नम्रपणे विचारा की कोणत्या तारखेपासून बंद झालं, आणि ते लिहून मागा.

तुमच्या एकोणिसांपैकी दोघांनाच तहसीलच्या खेपांसाठी नेमा आणि बाकीच्यांनी त्यांचं भाडं वाटून घ्या, नाहीतर तिसऱ्या खेपेला कुणीच निघत नाही. पहिल्या खेपेला घेऊन जायचं ते हे: ७ एप्रिलच्या पोचेच्या तीन झेरॉक्स, एकोणीस जॉबकार्डांच्या पानांचे प्रिंट, वरच्या मजकुराचा अर्ज दोन प्रतींत, शाईचं पॅड आणि दहा रुपयांचा स्टँप. पॅड बरोबर असू द्या, एखाद्याचा अंगठा राहिला असेल तर तेवढ्यासाठी परत डोंगर चढावा लागू नये. शिक्का मिळाला की तिथल्या तिथे त्याचाही फोटो काढा आणि मला कळवा. सात दिवसांनी जिल्ह्याला जायचा अर्ज मी लिहून देतो.